आवाज न करणारं जहाज
बिल्डिंगचा जनरेटर सुरू झाला आणि डिझेलचा वास घरात शिरला की मला आचोळ्याचं जुनं घर आठवतं. नवरा नौदलाच्या गोदीत इंजिनदुरुस्तीला होता. कितीही धुतलं तरी त्याच्या कपड्यांचा हा वास जात नसे. तिथे एका संध्याकाळी तो कधी नव्हे तो खुशीत घरी आला. हळू जाताना विजेच्या मोटरवर चालणारं नवं जहाज आलं होतं. जुने कारागीर त्याला नाकं मुरडत होते, ह्याने मात्र त्यावरच्या कामासाठी स्वतःहून आपलं नाव दिलं होतं. "अगं, आवाजच नाही! चालू आहे की बंद, कळत नाही," तो चहा पिताना सांगत होता. पाठीमागे कुकरच्या चार शिट्ट्या झाल्या. मी मुद्दाम उठले नाही. पाचवीलाही त्याने मान वळवली नाही, तेव्हा मी गॅस बंद करून त्याच्यासमोर बसले. "अहो, कधीपासून ऐकू येत नाही?" माझ्या ओठांवरून प्रश्न ओळखून त्याने कप खाली ठेवला. "झाली चार वर्षं. इंजिनाचा बिघाड कानानेच ओळखावा लागतो. नव्या जहाजावर सगळं पडद्यावर दिसतं." "गोदीत सांगितलंत?" "सांगितलं तर उचलून स्टोअरमध्ये बसवतील." चार वर्षं माझ्यापासूनही लपवलं, म्हणून मला कडाकडा भांडायचं होतं. पण त्याला ऐकू जायचं तर ओरडावं लागलं असतं, आणि भिंतीपलीकडे गोदीतलेच लोक राहत होते. मी भात वाढला. आता तो निवृत्त झालाय, ओरडायला हरकत नाही. पण तेवढा दम माझ्यात उरलेला नाही.