सरावाचे प्रश्न आणि बाबांची डबल बेल

मी कोणती परीक्षा देतेय हे बोरी अरबमध्ये कोणाला पटवून देणं हीच एक वेगळी परीक्षा होती. शेजारच्या काकू कुंपणावरून विचारायच्या, "कायची परीक्षा हाय वं, तलाठ्याची?" मी म्हणायचे, नाही, कॉम्प्युटर नेटवर्किंगची. "पास झाली त सरकारी नोकरी लागते का?" नाही. "मंग कायले देऊन राह्यली?"

कायले, तर नोकरी टिकवायला. आमच्या तालुक्यातल्या कचेऱ्यांमधलं इंटरनेटचं जाळं सांभाळायचं कंत्राट एका खासगी कंपनीकडे आहे आणि त्या कंपनीचा तालुक्यातला सगळा फौजफाटा म्हणजे मी. कुठे नेट बंद पडलं की मला फोन येतो. मी स्कूटीवर जाते, टेबलाखाली शिरते आणि बहुतेक वेळा असं निघतं की कोणीतरी मोबाइल चार्ज करायला राउटरचा प्लग काढलेला असतो. पण सगळेच बिघाड इतके भोळे नसतात. काम मला येत होतं. फक्त येतं असं सांगणारा कागद नव्हता.

मग कंत्राट नव्याने झालं आणि त्यात अट आली की जागेवर काम करणाऱ्या माणसाकडे नेटवर्किंगचं प्रमाणपत्र हवं. मार्च संपायच्या आत ते मिळवलं तर मी इथेच, नाहीतर पुण्याच्या ऑफिसात हेल्पडेस्कवर हेडफोन लावून बसायचं. पुण्याला जायला माझी ना नाही, असं मी कंपनीच्या साहेबांना फोनवर म्हटलं. ते साफ खोटं होतं. आई गेल्यापासून घरात बाबा आणि मी दोघंच. बाबांना चहापलीकडे काही करता येत नाही, आणि चहाही ते अंदाजपंचे करतात. त्यांना एकटं ठेवून जाणं मला जमणार नव्हतं.

बाबा एसटीत कंडक्टर होते. रिटायर होऊनही त्यांची ड्युटी संपलेली नाही, असं माझं मत आहे. लग्नाला गेले तरी पंगतीत माणसं मोजतात. मी सरावाच्या प्रश्नांचं जाडजूड पुस्तक आणलं तेव्हा त्यांनी ते हातात घेऊन तोललं आणि विचारलं, "उत्तरं कुठी हायेत?" उत्तरं शेवटी होती. त्यांनी तेवढी पानं व्यवस्थित फाडून घेतली, आपल्या चष्म्याच्या डबीखाली ठेवली आणि म्हणाले, "उद्यापासून तू प्रश्न वाच, मी चेक करतो."

हिवाळ्यात आमच्या अंगणात सकाळचं ऊन छान येतं. बाबा खाटेवर, समोर चहाचा रिकामा स्टीलचा ग्लास. मी पायरीवर, शेजारी सोलायला घेतलेल्या तुरीच्या शेंगांची टोपली. मी इंग्रजी प्रश्न वाचायचे, चार पर्याय वाचायचे, मग त्यातल्या एकाचं अक्षर सांगायचे. बाबांना प्रश्नातलं काही कळायचं नाही, पण ए बी सी डी त्यांना पक्की येत होती. उत्तर बरोबर असलं की ते पेनाने ग्लासवर दोनदा वाजवायचे, टिंग टिंग. डबल बेल, म्हणजे गाडी सोडा, पुढचा प्रश्न. चुकलं तर एकच टोला. गाडी थांबली.

त्या ग्लासाच्या नादावर आमचा अभ्यास असा काही धावायला लागला की मलाच माझं कौतुक वाटायला लागलं. रोजच्या संचात क्वचितच सिंगल बेल व्हायची. बाबा तर गावात सांगत सुटले की पोरगी पुस्तकातलं सगळं पिऊन राह्यली. पानाच्या ठेल्यावरचे लोक मला थांबवून आपल्या मोबाइलचं नेट का चालत नाही ते विचारू लागले.

आणि नागपूरला जाऊन मी नापास झाले.

निकाल तिथेच पडद्यावर येतो, रडायलाही वेळ देत नाही. मला धक्का मार्कांचा बसला नाही, तो बसला होता परीक्षा चालू असतानाच. प्रत्येक प्रश्नाला मी एक पर्याय मनाशी धरायचे आणि मग थांबायचे. कशासाठी, ते कळत नव्हतं. माळ्यावर चढावं आणि शिडीची एक पायरीच नसावी, तसं काहीतरी व्हायचं. त्या परीक्षेत मागच्या प्रश्नावर परत जाता येत नाही. थांबून थांबून वेळ संपत आला आणि शेवटच्या प्रश्नांना मी डोळे मिटल्यासारखं कुठेही क्लिक केलं.

कंपनीने आणखी एक संधी दिली, आणि ही शेवटची हेही सांगितलं. बाबा फक्त म्हणाले, "गाडी एखाद्या टायमाले लेट होते. चाल, पुस्तक काढ."

पुन्हा सकाळचं ऊन, पुन्हा टिंग टिंग, पुन्हा भरघोस मार्क. आता मला त्या मार्कांचा राग यायला लागला. घरी वाघ आणि नागपुरात शेळी, हे काय गौडबंगाल आहे? मध्येच बाबा कळंबला गेले, त्यांच्या चुलत बहिणीच्या नातीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होता. मी एकटीनेच संच सोडवला आणि फाडलेल्या पानांवरून तपासला. नागपूरसारखेच मार्क. घर रिकामं होतं म्हणून लक्ष लागलं नसेल, अशी मी स्वतःची समजूत काढली. बाबा आले, दुसऱ्या दिवशी बसलो, मार्क परत वर.

तेव्हा मी पहिल्यांदा पुस्तकाऐवजी बाबांकडे लक्ष देऊन पाहिलं.

प्रश्न असा होता: एका ऑफिसात पन्नास कॉम्प्युटर आहेत, त्यांना पुरेल असा पत्त्यांचा सगळ्यात लहान पट्टा कोणता. सव्वीस नंबरचा घेतला तर बासष्ट बसतात, सत्तावीसचा घेतला तर तीसच. मला उत्तर माहीत होतं, बी. मी मुद्दाम म्हटलं, "सी."

"पक्कं?" बाबांनी विचारलं.

"नाही, बी."

टिंग टिंग.

पुढच्या प्रश्नाला मी खरं उत्तर दिलं. बाबांनी काही न विचारता डबल बेल दिली. त्याच्या पुढच्याला परत मुद्दाम चुकले.

"पक्कं काय?"

मी पुस्तक मिटलं. हातातली शेंग टोपलीत टाकली. मला हसू येत होतं आणि बाबांचा गळा धरावासाही वाटत होता. उत्तर बरोबर असलं की हा माणूस गपचूप बेल मारायचा, आणि चुकलं की विचारायचा, पक्कं? आणि मी, अभ्यासू विद्यार्थिनी, लगेच दुसरा पर्याय सांगायचे. त्यांना कळत नव्हतं की ते सांगताहेत, मला कळत नव्हतं की मी ऐकतेय. नागपूरच्या त्या थंडगार खोलीत मी प्रत्येक प्रश्नाला थांबत होते ती याच शब्दासाठी.

"बाबा, तुम्ही मले उत्तरं सांगून राह्यले."

"मी? मले त्यातलं कायी समजते का?"

मी त्यांना दाखवून दिलं. तीनदा मुद्दाम चुकले, तिन्ही वेळा त्यांनी विचारलं. तिसऱ्या वेळी शब्द तोंडातून निघाल्यावर त्यांनी स्वतःच तोंडावर हात ठेवला. मग पेन खाटेवर ठेवून दिलं.

"आदत हाय बेटा," ते म्हणाले. "गाडीत कोणी म्हणे, बोरी द्या. आता बोरी नावाचे गावं का कमी हायेत? मी इचारो, अरबच ना? पक्कं? चुकीच्या थांब्यावर माणूस उतरला की मंग रात्रभर तिथीच. माह्या गाडीतून तसं कोणी उतरलं नाही आजवर."

मी चिडून म्हटलं, "मग आता मले उतरू द्या." बोलून गेले आणि वाईट वाटलं, पण ते खरंच होतं.

बाबांनीच तोड काढली. त्यांनी ठरवलं की आता प्रत्येक उत्तराला विचारायचं, बरोबर असो की चूक. पहिल्या दिवशी जे झालं ते पाहण्यासारखं होतं. मी एक प्रश्न वाचला: आकड्यांच्या पत्त्याने समोरचा सर्व्हर सापडतो, पण नावाने वेबसाइट उघडत नाही, तर बिघाड कुठे. हा बिघाड मी दर पंधरवड्याला कुठल्या ना कुठल्या कचेरीत दुरुस्त करते. नावांचे पत्ते सांगणारा डीएनएस बिघडलेला असतो. मी तेच उत्तर दिलं. बाबांनी विचारलं, "पक्कं?" आणि मी घाबरून केबल तुटली म्हणाले.

टिंग. एकच.

बाबांचा चेहरा असा झाला की मीच त्यांना पाणी आणून दिलं. पोरीला बरोबर उत्तरावरून चुकीच्यावर जाताना बघत गप्प बसणं त्यांना सिंगल बेल मारण्याहून जड जात होतं. पहिले काही दिवस आवाजात फरक पडायचाच. चुकलं की "पक्कं" जरा लांबायचं, बरोबर असलं की तुटक यायचं. मग मी ते पकडायचे, आणि पकडलं की त्यांना सांगायचे. बाबांनी जिद्दीने तो आवाज सपाट केला. शेवटी असा केला की घड्याळाने विचारावं. ते डोळ्यांतून सांगतील म्हणून मी पाठमोरी बसायला लागले.

आणि मला नवीनच सवय लावावी लागली. "पक्कं?" आलं की मी कारण सांगायचे, मोठ्याने, मराठीतून. पन्नास कॉम्प्युटर आहेत, तीसच्या पट्ट्यात मावत नाहीत म्हणून बी. नंबराने सापडतं म्हणजे केबल शाबूत आहे, म्हणून डीएनएस. कारण सांगता आलं नाही की मला कळायचं, हे उत्तर मला येत नाही, आपलं सवयीने बोललेय. अशी उत्तरं पुष्कळ निघाली, लाज वाटावी इतकी. मार्क कमी पडायचे, पण आता ते माझे होते. हळूहळू ते वाढले. काकूंनी कुंपणावरून विचारलं, "रोज सकाळी बापलेक भांडून काहून राह्यले?"

दुसऱ्या वेळी बाबा माझ्यासोबत नागपूरला आले. मी नको म्हणत होते. ते म्हणाले, "मी बाहेर बसतो, तुले का तरास हाय?" केंद्राच्या समोर चहाची टपरी होती, तिथल्या बाकावर ते बसले. आत मोबाइल, घड्याळ सगळं काढून घेतलं आणि लिहायला प्लास्टिकची पाटी दिली. पहिल्या प्रश्नाला मी उत्तर धरलं, मनात कारण सांगितलं आणि पुढे गेले. कुठेच थांबले नाही असं नाही. काही प्रश्न असे होते की कारण अर्धंच सापडलं, तिथे अर्ध्यावर भरवसा ठेवला. शेवटचा प्रश्न झाला, पडदा क्षणभर पांढरा झाला आणि मग त्यावर पास असं आलं. काठावर नाही, पण फार वरही नाही. मला फार बरं वाटलं. आईची आठवण आली, आणि तिथल्या मुलीने छापील कागद दिला तेव्हा मला तिचे आभार मानायचं सुचलं नाही.

बाबांना सांगितलं तर त्यांनी कागद हातात घेतला, माझं नाव वाचलं, घडी न करता परत दिला आणि टपरीवाल्याला आणखी दोन चहा सांगितले. यवतमाळला गाडी बदलली आणि दारव्ह्याच्या गाडीत बाबांनी तिथल्या तरुण कंडक्टरला, आपली पोरगी पास झाली हे तिकीट घेता घेता सांगून टाकलं.

बोरीला उतरल्यावर बाबा घराकडे न वळता उलट्या बाजूला चालायला लागले. "एक काम हाय, दोन मिनिटांचं," म्हणाले. मी मागे गेले. बाजाराच्या मागच्या गल्लीत एक ताई राहतात, त्या बाहेरगावच्या शिक्षकांना आणि बँकेतल्या लोकांना जेवणाचे डबे देतात. बाबांनी त्यांच्या दारातून हाक मारली.

"ताई, माहा डबा राहू द्या. पोरगी पास झाली, ते कुठी जाऊन नाही राह्यली."

"बरं झालं काका," ताई पदराला हात पुसत बाहेर आल्या. "मी त तुमच्यासाठी येगळा डबा काढून ठेवला होता, एप्रिलपासून म्हटलं होतं ना तुमी. आन् ध्यानातही ठेवलं होतं, काकाची भाजी बिनतिखटाची. तिखटानं जळजळ होते म्हणे, मांगच्या कितीक वर्सापासून."

बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. माझं जायचंच ठरलं तर त्यांच्यापायी मी अडून राहू नये, म्हणून त्यांनी मला न सांगता आपली सोय करून ठेवली होती. आणि ज्या माणसाला एका अक्षराचं उत्तर चेहऱ्यावर लपवता येत नव्हतं, तो माझ्या हातची झणझणीत भाजी रोज चांगली झाली म्हणत खात होता. जेवताना ते पाणी फार पितात, ते मी कंडक्टरकीची सवय समजत होते. मला रडू आलं आणि त्यांचा रागही आला, आणि त्या ताईंसमोर दोन्ही करता येईना.

घरी येऊन मी हातपाय धुतले आणि वांग्याची भाजी टाकली, तिखट जेमतेम रंगापुरतं. बाबा पाटावर बसले. पहिला घास घेतला.

"कशी झाली?" मी विचारलं.

"चांगली हाय," ते रोजच्यासारखंच म्हणाले. मग त्यांनी ताट पुढे केलं आणि आणखी भाजी मागितली. आई गेल्यापासून त्यांनी जेवताना दुसऱ्यांदा काही मागितलेलं मला आठवत नाही.