शोफरची टोपी

पेणचा जेकब रोह्याच्या एका कंपनीत ड्रायव्हर होता. पण चौऱ्याण्णवच्या दिवाळीपासून त्याला ड्रायव्हर म्हटलेलं खपेना. नव्या साहेबांनी, दिनानाथांनी, त्याला पांढरी टोपी दिली आणि ‘शोफर’ म्हटलं. तेवढ्यावर स्वारी हवेत! वडखळला चहा पितानाही टोपी उतरत नसे.

“शोफरसाहेब, नारळ खवून द्या,” बायको दीना म्हणायची. जेकबला त्यातलं ‘साहेब’ तेवढंच ऐकू यायचं.

अडचण एकच होती. जेकब बेने इस्रायल, म्हणजे कोकणातला ज्यू; शनिवारी त्याचा शब्बाथ, काम करायला आणि आग पेटवायला मनाई असलेला दिवस. शुक्रवारी सांजावलं की जेकबच्या घरात काडी ओढली जात नसे, ती शनिवारी तारे दिसेपर्यंत. म्हणून इतकी वर्षं शनिवारी त्याची गाडी कंपनीचा दुसरा ड्रायव्हर पुंडलिक चालवायचा आणि रविवारी पुंडलिकची हा. आता साहेबांचे पाहुणे नेमके शनिवारी यायचे होते. शोफर राहायचं तर शब्बाथ मोडायचा.

बसून चाक फिरवायचं, त्यात काम कसलं, अशी जेकबने मनाची समजूत घातली. तिच्यावर होकाराची मोहोर उमटवून घ्यायला तो एलियाहकाकांकडे गेला. काका रिटायर मास्तर, पेणमधल्या उरल्यासुरल्या इस्रायली घरांतले वडीलधारे. टोपीही मिरवायची होतीच.

“शोफर? फ्रेंच शब्द,” काकांनी जाडजूड डिक्शनरी उघडली. “इंग्रजांनी तिथनं उचलला. मुळात तापवणारा, इंजिनाच्या भट्टीत कोळसा घालणारा. पहिल्या काही मोटारी वाफेवर चालायच्या, त्या हाच पेटवायचा. वाफ गेली, नाव राहिलं.”

“म्हणजे बंबवाला?” जेकबचा चेहरा उतरला.

“व्हय. आणि बाबा, आताच्या इंजिनातपण ठिणगी पडतेच. शनवारी किल्ली फिरवायची का, ते तूच ठरव.”

काकांनी सरळ ‘नाय’ म्हटलं असतं तर भांडता तरी आलं असतं. जेकब घरी आला.

दुसऱ्या दिवशी त्याने साहेबांना सांगितलं, “शनवारी जमायचं नाय.”

साहेब माणूस वाईट नव्हता. “मग पुंडलिकला पाठवतो,” म्हणत त्यांनी हात पुढे केला. टोपी देताना जेकबला खरंच रडू आलं. पुंडलिकचं डोकं मोठं, त्याला ती बसायची नाही, हेही त्याने बजावून सांगितलं.

शनिवारी दुपारी दीनाने कालचं गार कालवण वाढलं. जेकब घास नुसता चिवडत होता.

“अवो, पस्तावा होतोय?” आज तिने चिडवलं नाही.

“होतोय गो. पण हा चार दिवसांत जाईल. शब्बाथ मोडल्याचा झाला असता, तो जलमभर गेला नसता.”

दीनाने आपल्या पानातली माशाची तुकडी उचलून त्याच्या पानात टाकली.