येताना एक तास कमी

अख्ख्या परभणी जिल्ह्यात जेवढा म्हणून शक हाय, त्यातला निम्मा बोरीला आमच्या साडूभाऊंच्या घरात हाय, आन् उरलेला निम्मा त्येंचा एकट्या माज्यावर हाय. माज्यावर शक घ्यायला जागा बी हाय म्हणा. झरीवरनं बोरीला जायला एसटीत बसलो की माजा डोळा लागतो आन् मी उठतो थेट जिंतूरला. पर साडूभाऊ कुणालाच सोडत न्हाईत. टरबूज वाजवून, कापून, चाखून झालं तरी वर इचारतेत, "आतून रंग तर दिला न्हाई ना?" दवाखान्यात ताप मोजला तर डॉक्टरला म्हणतेत, "आता हेच तुमच्या काखंत लावून दावा."

त्येंची एकुलती एक पोरगी नर्स. ती लंडनला नोकरीला निघाली, तवा तर इचारू नका. माणूस गावाला निघालं की लगेच घर झाडत न्हाईत, हे आमच्याकडं हायेच. लोक घटकाभर थांबतेत. साडूभाऊ केरसुणी बाजेखाली दडवून वर सोता बसले. पोरगी पोचल्याबिगर झाडायचं न्हाई!

"आवं, घर हाय का गोठा?" अक्का, म्हणजे माजी थोरली मेव्हणी, वैतागली.

साडूभाऊंचं ध्यान भलतीकडंच. "झरीकर, मुंबईवरनं लंडनला जाताना दहा तास, येताना नऊच. वाट तीच, अंतर तेच. मग एक तास कुठं जायलाय? जाताना ढाब्यावर लावतेत. डायवरला फुकट जेवण, आन् आपली पोरगी खिडकीत उपाशी!"

मला कुठं दम? पानटपरीवर आयकलेलं ठोकून दिलं, "आवं, जाताना वारं समोरून येतंय. येताना मागून ढकलतंय."

"म्हणजे इमान वाऱ्यावर सोडलंय?"

झालं! तवापासून अंगणातल्या लिंबाचं पान हाललं की ते माज्याकडं बघायचे, जसं काय वारं मीच सोडलंय. दुपारी त्येंनी भाकरीला हात लावला न्हाई. मी दोघांची खाल्ली.

उन्हं कलायला फोन आला. "बाबा, पोचले."

"कशावरनं? भायेर दाव."

पोरीनं फोन फिरवला. एसटीवर एसटी चढवल्यासारखी लाल बस गेली. "इथं आत्ता सकाळ हाय, बाबा."

"बगा, घड्याळ बी मागं केलंय त्येंनी!" पोरगी लय हसली. मंग तिला न्यायला दवाखान्याची गाडी आली, फोन बंद झाला.

"आता तरी द्या ती केरसुणी," अक्का म्हणली.

साडूभाऊ हालले न्हाईत. हळूच मला म्हणले, "झरीकर, येताना वारं ढकलतंय म्हणले तुमी. ते पक्कं का?"

मला काय ठाव? "पक्कं," म्हणलं, आन् तयारीत बसलो, की आता इचारतील, कशावरनं.

न्हाई इचारलं. जन्मात पैल्यांदा त्येंनी कुणाचं तरी खरं मानलं, ते बी माजं. केरसुणी काढली आन् सोताच झाडायला लागले. उंबऱ्यापाशी धुळीत पोरीच्या चपलेचा ठसा होता. तेवढा सोडून झाडलं. अक्का बघत होती. मंग तिनं केर भरला, तो बी ठशाला वळसा घालून.