होडीच्या रंगाची गाडी

नारळी पौर्णिमेच्या आधी बाबा होडी रंगवायला काढत. होडी झाली की डब्याच्या तळाशी उरलेला रंग फुकट जाऊ द्यायचा नाही म्हणून ब्रश घेऊन घरात शिरत. दार, खिडकी, पाट, स्टूल, जे समोर येईल ते निळं. आमच्या पाचूबंदरची हवा खारी. ती लोखंड खाते, लाकूड खाते, आणि बाबांच्या मते माणसालाही खाते, फक्त माणसाला रंग देता येत नाही एवढंच. त्या दिवसांत आमच्याकडे कुणी पाहुणा आला तर त्याला 'या, बसा' ऐवजी 'बसू नका, ओलं आहे' ऐकावं लागे.

त्या रंगातून माझी आणि दादाची खाचगाडीही सुटली नाही.

मामा आगबोटीवर स्वयंपाकी होता. एका सुट्टीत त्याने विलायतेहून एक खोका आणला. आत काळ्या पट्ट्यांचा रस्ता होता, तुकडे एकमेकांत अडकवून गोल करायचा. त्या रस्त्यात दोन खाचा, आणि दोन छोट्या गाड्या. लाल ती दादाची, हिरवी ती माझी. गाडीच्या नाकाखाली एक खुंटी असते, ती खाचेत बसवायची. खुंटीच्या दोन्ही बाजूंना तांब्याच्या तारांच्या विणलेल्या चपट्या वाती, त्यांतून पोटातल्या मोटारीला वीज मिळते. आमच्या घरात वीज नव्हती, पण खोक्यात बॅटरीचा डबा होता, त्यावर भागायचं. हातातलं बटण दाबलं की गाडी पळे, जास्त दाबलं की वळणावर खाच सोडून थेट चुलीकडे. मी नेहमी जास्त दाबायची. दादा म्हणे, "बाय, तुला घाई नडते." अजूनही नडते.

पहिल्याच हंगामाला बाबांनी दोन्ही गाड्या निळ्या केल्या. "आतला लोखंड गंजंल," म्हणाले. मी गळा काढला. दादा रडला नाही. त्याने दाढीचं जुनं पातं घेतलं, चाकं आणि वाती खरवडून मोकळ्या केल्या, भाजीच्या सुरीने बुडाचे स्क्रू फिरवून मोटार पुसली. मग दरवर्षी तेच चाललं. बाबा माखायचे, दादा खरवडायचा, आणि दोघांपैकी एकही माघार घ्यायचा नाही. स्क्रूंच्या खाचा सुरीने झिजून गेल्या. बुडाला कंपनीची उठावाची अक्षरं होती, त्यांच्या कडांना बसलेला निळा रंग मात्र टाचणीनेही निघत नसे. वरून तर दोन्ही गाड्या आमच्या होडीची पिल्लं दिसायला लागल्या. दादाच्या गाडीच्या टपावर ब्रशाचा एक केस रंगात अडकून बसला होता, त्यावरून आम्ही ओळखायचो कोणती कुणाची.

दादा बोटीवर गेला तो आणीबाणीच्या आसपास. होडीवर त्याचं मन नव्हतं, आणि बाबांनी अडवलं नाही. ट्रंकेत कपड्यांच्या मधे त्याने आपली गाडी ठेवली. मी हसले, एवढा बाप्या होऊन खेळणं नेतोस म्हणून. तो म्हणाला, "तुजी सांभाळ. आलो की शर्यत लावू." सुरुवातीला पत्रं आली, मग एखादंच, मग काहीच नाही. बोटीच्या कंपनीच्या माणसाकडे बाबा खेटे घालून आले. तो एकच सांगे की तुमचा मुलगा एका बंदरात उतरला तो बोटीवर परतलाच नाही. यापुढे त्यालाही ठाऊक नव्हतं आणि आम्हालाही.

आय, आमची आई, मात्र थांबली नाही. अर्नाळ्यापासून इकडे जो कोणी बोटीवर जाई त्याच्या घरी ती आदल्या दिवशी हजर. माझी हिरवी गाडी, म्हणजे आता निळी, पदराखाली घेऊन जायची आणि दाखवायची. "हिची जोडी हाय त्याच्याकडं. त्याची लाल. भेटला तं बोल, चिठी नको लिवू, पैसं नको पाठवू, नुसती गाडी पाठव. मना कलंल." लोक ऐकून घेत. तोंडावर कोण काय बोलणार? मला मात्र शरम वाटायची. आईची नव्हे, लोकांच्या त्या गप्प ऐकून घेण्याची. घरातल्या वेदीवर हरवलेल्या वस्तूंच्या संताची तसबीर होती. त्याच्यापुढे रोज मेणबत्ती लागे आणि शेजारी माझी गाडी ठेवलेली असे, बिचाऱ्याला नमुना म्हणून.

आणि एक दिवस गाडी आली.

अर्नाळ्याचा एक खलाशी सुट्टीवर आला होता. भर दुपारी घाम पुसत दारात उभा राहिला आणि रुमालात गुंडाळलेली वस्तू आईच्या हातात ठेवली. "भेटला मना. बरा हाय. ही द्या बोलला." लाल गाडी. तीच बनावट, तोच आकार, नाकाखाली तशीच खुंटी. आयने चूल पेटवली, विझवली, पुन्हा पेटवली. कोणतं बंदर, कसा दिसतो, जेवतो का वेळेवर, शंभर प्रश्न. तो माणूस तुटक उत्तरं देत होता आणि नजर जमिनीवर. आईने सकाळची ताजी पापलेटं पानात बांधून पुढे केली तर हात मागे घेतले त्याने. अर्नाळ्याचा कोळी आणि पापलेट नको म्हणतो! मला तेव्हाच काहीतरी खुपलं.

बाबा जाळं शिवत बसले होते. त्यांनी गाडी हातात घेतली, एकदा टपावरून बोट फिरवलं, एकदा उलटी करून पाहिली, परत दिली आणि जाळं ओढून घेतलं.

नंतर मी ती उलटी केली. बुडाची अक्षरं स्वच्छ होती.

मी सातिवलीला एका प्लास्टिकच्या कारखान्यात कामाला होते. बादल्या आणि मगांच्या कडा साफ करायच्या, डाग पडलेले नग थिनरने पुसायचे. थिनर जरा जास्त लागलं की प्लास्टिकची चकाकी जाते, पृष्ठभाग चिकट होतो, हे माझ्या बोटांना पाठ होतं. तरी मी स्वतःला समजावत होते. परदेशात कसली कसली औषधं मिळतात. दादाचा हात तर सोनाराचा. बसला असेल कुठल्यातरी खोलीत, महिनोन्‌महिने खरवडत. घरच्या आठवणीने माणूस काय करत नाही? घरी हे पटायचं. कारखान्यात थिनरची बाटली उघडली की पटेनासं व्हायचं.

आय तर दहा वर्षांनी तरुण झाली होती. बाजारात मासळी विकताना गाणं गुणगुणायची, लोकांना वर दोन मासे जास्त घालायची. चर्चमध्ये मिस्साला जाताना नवं लुगडं नेसली. तिला हसताना पाहिलं की मी दुसरीकडे बघायची. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत. शेवटी मुंबईत जुनी विलायती खेळणी दुरुस्त करणारा एकजण आहे असं कळलं, तेव्हा कापड आणायला जाते असं सांगून मी गाडी पिशवीत घातली आणि निघाले. सोबत माझी निळीही घेतली.

दुकानदार म्हातारा होता, जाड चष्म्याचा. लाल गाडी हातात घेताच त्याचा चेहरा उजळला. त्याने भिंग काढलं आणि देवाचं काही वाचावं तशी गाडी वाचायला लागला. "बाई, हे बघा. हा लाल वरून मारलेला नाही, प्लास्टिकच लाल आहे. काच बघा, किती साफ. जुनी गाडी म्हणून लोक कायकाय घेऊन येतात. चाकं एकीची, टप दुसरीचं, आणि वर नवा रंग. ही तशी नाही." त्याने स्क्रूच्या डोक्यांवरून नख फिरवलं. "हे स्क्रू तर कंपनीतून निघाल्यापासून फिरलेलेच नाहीत. हिला कुणी कधी उघडलीच नाही."

"हिला पूर्वी ऑइलपेंट लावला होता, मग काढला असेल," मी म्हणाले.

"नाही."

"थिनरने, जपून?"

"नाही हो. अक्षरांत कुठेतरी राहिला असता. प्लास्टिक मेलं असतं."

"मग टप नवं टाकलं असेल."

त्याने शांतपणे बूड माझ्यापुढे धरलं. मग माझी निळी उचलली, तिचे झिजलेले स्क्रू, अक्षरांत बसलेला निळा पाहिला आणि चुकचुकला. हिचं कुणी वाटोळं केलं म्हणून विचारलं. मी म्हटलं, माझ्या वडिलांनी. त्याने चष्मा कपाळावर सरकवला. "बाई, गिऱ्हाईक माझ्यापुढे खोट्याला खरं म्हणा म्हणून हट्ट धरतं. खऱ्याला खोटं म्हणा म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच. अहो, अस्सल आहे ही. आनंद माना. विकणार का?"

मी दोन्ही गाड्या त्याच्या हातातून ओढूनच घेतल्या. भल्या माणसावर उगाच डाफरले. पायरीवर येऊन रडले, रडताना त्या अर्नाळ्याच्या माणसाला शिव्या घातल्या. कुठल्यातरी परक्या बाजारात फिरून फिरून त्याने ही शोधली असणार, आईच्या विनवणीला कंटाळून, किंवा कळवळून. तिने त्याला लाल सांगितली होती, म्हणून त्याने लाल आणली. आमच्या घरातली वस्तू लाल राहूच शकत नाही हे त्या गरिबाला कुठून माहीत? त्याच्यावर धड रागावताही येईना. दादाचं काय झालं हे मला आताही कळलेलं नव्हतं. त्याची खबर म्हणून जी आली ती खबर नव्हती, एवढंच कळलं होतं.

घरी आले आणि गाड्या वेदीवर जागच्या जागी ठेवल्या. आईला सांगायचं की नाही, सांगायचं तर कोणत्या तोंडाने, हे दिवसेंदिवस घोळवत राहिले. मग वाटलं, आधी बाबांना सांगू. पण बाबा होडीच्या कामात होते, हंगाम तोंडावर आला होता. एका रविवारी मिस्साहून आय मागे बायकांशी बोलत रेंगाळली तेव्हा मी तडक किनाऱ्यावर गेले.

बाबा होडीच्या सावलीत उकिडवे बसले होते. पुढे रंगाचा डबा, आणि हातात लाल गाडी. लाल आता थोडीच उरली होती. त्यांनी बुडापासून सुरुवात केली होती. पूर्वी बुडाला रंग लागे तो ओघळून, चुकून. आज ते काडीच्या टोकाने एकेक अक्षर भरत होते. शेजारी वाळूत भाजीची सुरी पडली होती, आणि स्क्रूंच्या डोक्यांवर ताजे ओरखडे चमकत होते.

त्यांना पहिल्याच दिवशी कळलं होतं. स्वतःच्या हाताचा रंग त्यांना ओळखता येणार नाही?

"बाबा," मी म्हटलं.

"खारी हवा हाय," ते म्हणाले. वर पाहिलं नाही. टपावर रंग देता देता त्यांनी ब्रशाचा एक केस उपटला, ओल्या रंगात ठेवला आणि बोटाने हलकेच दाबला.

तेवढ्यात आय आली. गाडी पाहिली आणि तिचा आवाज चढला. "परत माखलीत? पोरानं तिकडं एकला बसून केवडी मेनत करून खरवडली असंल, आनि तुमी परत माखलीत? मानूस हाय का कोन!" ती भांडत होती, दादा असताना भांडायची तशी, अगदी कंबरेवर हात ठेवून. किती दिवसांनी आमच्याकडे असं भांडण होत होतं. बाबा खाली मान घालून ऐकत होते. ओरडता ओरडता तिचं लक्ष माझ्याकडे गेलं.

"आनि तू गं? त्या दिसाला मुंबईला गेलेलीस. कापड तं दिसला नाय. काय आनलंस?"

"काय नाय, आय," मी म्हणाले.

बाबांनी ब्रश माझ्यापुढे धरला. मी तो घेतला आणि घासलेटात धुवायला बसले.