लामिन का गेला

पश्चिम आफ्रिकेतल्या गांबियात आमच्या शेजारी लामिन नावाचा तरुण शिंपी होता. हाताला काम होतं, खाण्यापिण्याची ददात नव्हती. एका लग्नात त्याच्या वडिलांना पुढच्या खुर्चीवरून उठवून दुसऱ्या गृहस्थांना बसवलं, कारण त्यांचा मुलगा इटलीत होता. वडील हसत मागे गेले. लामिन जेवला नाही.

महिन्याभरात तो चोरून होडीने युरोपला जायला निघाला. "जीव जाईल रे," मी म्हणाले.

"इथे वडिलांचा मान जातोय, त्याचं काय?"

माणसं फक्त भुकेपोटी घर सोडत नाहीत, हे मला तेव्हा पक्कं कळलं.

पुढे स्पेनहून त्याचा फोन आला. "शेतात टोमॅटो तोडतो, प्लास्टिकच्या खोपटात झोपतो. बाबांना मात्र मजेत आहे म्हणून सांगा."

मी तेवढंच सांगितलं. वडिलांचा चेहरा उजळला, आणि शेजारी बसलेले दोन तरुण कान देऊन ऐकू लागले.