गेळाचं पाणी

'झाडपाल्याचं औषध आहे हो, अपाय काही नाही,' असं कुणी म्हणालं की माझं डोकं फिरतं. लग्नात, दवाखान्याच्या रांगेत, कुठेही. मी फाडकन काहीतरी बोलते आणि लोक बघत राहतात, या बाईला झालं तरी काय! काय सांगायचं त्यांना? हेच वाक्य मी एकदा माइक हातात धरून, गावच्या समाजमंदिरात, मोठ्या रुबाबात म्हणाले होते. त्या वाक्यापायी एका म्हाताऱ्याचं घर उठलं.

तेव्हा मी रोह्याच्या एका कॉलेजात तासावर प्राणिशास्त्र शिकवत होते आणि पेणहून ये-जा करत होते. जोडीला पीएच.डी. चालू होती. आमच्या सरांच्या प्रयोगशाळेत दोन कामं चालायची. एक माझं. वालाची शेंग पोखरणारी अळी, मावा वगैरे किडींना मारायला झाडांपासून औषध करायचं. दुसरं सरांचं लाडकं. माशाच्या पराचा नखाएवढा तुकडा कापायचा, अल्कोहोलमध्ये ठेवायचा, त्यातून डीएनए काढून बाहेरच्या मोठ्या लॅबला पाठवायचा आणि तिकडून आलेली अक्षरं ताडून मासा नेमका कोणता ते ठरवायचं. आमच्या खारपट्ट्यात शेतातल्या तळ्यांमध्ये जिताडे वाढवतात. हे जिताडे आपल्या खाडीतले की बाहेरून आणलेल्या बियाण्याचे, ते सरांना शोधायचं होतं. काम चांगलं होतं, मी नाही म्हणत नाही. पण सरांचा एक कडक नियम होता. किडीचं काम करणाऱ्यानं माशात नाक खुपसायचं नाही, माशाचं काम करणाऱ्यानं किडीत नाही. दोन कपाटं, दोन किल्ल्या, दोन फायली.

सरांना जिताड्याचं तळं मिळवून दिलं मीच. पेणजवळच्या जिते गावाहून खाडीकडे गेलं की माझ्या आत्याचं गाव. नवरा गेल्यावर आत्यानं भातशेती आणि तळं दोन्ही एकटीनं सांभाळलं. जिताडा काही चार महिन्यांत हाताला येत नाही, त्याला दोन-तीन वर्षं जपावं लागतं. आमच्याकडे साहेबाकडून काम करून घ्यायचं असेल तर जिताडा घेऊन जायची रीत आहे, एवढा त्याचा मान. सर पराचे तुकडे कापायला म्हणून आले आणि जाताना दोन अख्खे मासे गाडीत घालून घेऊन गेले. आत्याला त्याचा केवढा अभिमान! मला तेव्हाच राग यायला हवा होता, पण मी पिशवी धरून उभी होते.

तळ्यावर राखण करायला एक म्हातारा होता, जवळच्या कातकरवाडीतला. पूर्वी तो दरवर्षी भात कापून झालं की बायको, सून, नात सगळ्यांना घेऊन वीटभट्टीवर जायचा, तो पाऊस आल्यावरच परतायचा. आत्यानं त्याला राखणीला ठेवलं आणि त्याचं भट्टीवर जाणं थांबलं. तळ्याकाठी खोप, खायला भात, आणि नात सलग शाळेत. 'आमच्यात चौथीपत्तूर कोन गेला नव्हता, ही गेली,' हे तो मला दर भेटीत सांगायचा. त्याच्या सगळ्या आयुष्याचा जम त्या तळ्यावर बसला होता. तळं होतं तोवर तो भट्टीवरून सुटलेला माणूस होता.

माझ्या औषधाला लागणारं गेळ तोच आणून द्यायचा. गेळाचं काटेरी झाड आमच्या डोंगरांवर बक्कळ. त्याची फळं कुटून पाण्यात भिजवली की साबणासारखा फेस येतो, आणि ते पाणी फवारलं की वालावरचा मावा पटापट मरतो. पहिलं पोतं माझ्यापुढे ठेवताना म्हातारा म्हणाला होता, 'ताई, याचा फेस पान्यात जाऊ देऊ नका. मासा जगत नाय.' मी वहीत लिहून घेतलं, 'स्थानिक समज'. समज! माझं शिक्षण बघा केवढं. ज्याच्या बापजाद्यांनी त्या फळानं ओढ्यातले मासे धरले, त्याच्या माहितीला मी समज म्हणाले.

तरी मला राहवेना. प्रयोगशाळेत गप्पी माशांची एक टाकी होती. त्यातले काही मासे वेगळ्या बरणीत घेतले आणि चमचाभर गेळाचं पाणी घातलं. जेवणाची सुट्टी संपायच्या आत सगळे उलटे. मी रीतसर एक पान लिहिलं, औषध तळ्यात, ओढ्यात जाऊ देऊ नये, मासे मरतात, आणि ते प्रबंधात घातलं. सरांनी ते वाचलं आणि चष्मा काढला.

'अगं, तुझा विषय कीड. मासे या प्रबंधात कुठून आले?'

'सर, पण मासे मरतात.'

'मग परीक्षक विचारणार, असलं औषध शेतकऱ्याला देता कशाला? काय उत्तर देशील? सुरक्षित, स्वस्त, वनस्पतीजन्य, या तीन शब्दांवर तुझा प्रबंध उभा आहे. स्वतःच्या पायावर धोंडा कशाला पाडून घेतेस? काढ ते पान.'

मी काढलं. कुणी माझा हात पिरगळला नव्हता. सरांना शिव्या घालायला मला आवडतं, पण पान माझ्या हातांनी निघालं.

मग आत्याच्या गावच्या समाजमंदिरातलं ते प्रात्यक्षिक. कॉलेजला गावात कार्यक्रम केल्याचे फोटो हवे होते. मी गेळ कुटून दाखवलं, गाळून दाखवलं, पंपात भरून दाखवलं. मागून कुणीतरी विचारलं, 'मॅडम, इषारी नाय ना?' सर पहिल्या रांगेत बसले होते. मी म्हणाले, 'झाडपाल्याचं औषध आहे, अपाय काही नाही.' सगळ्यांत जोरात टाळ्या माझ्या आत्यानं वाजवल्या.

पुढच्याच आठवड्यात सकाळी आत्याचा फोन आला. ती रडतच होती.

'गो, सगळं तळं पांढरं झालंय! जिताडी उलटी पडलीत, एक नाय उरला! त्या मेल्या राखन्यानंच घात केला. त्याच्या खोपीत पोतंभर गेळ गावलंय. ही लोकं गेळ टाकूनच मासं धरतात, ठावं नाय काय तुला? आनि वर तोंड करून सांगतो, ताईंसाठी काढलंय. खरं काय गो?'

'हो आत्या. मीच सांगितलं होतं त्याला.'

'मंग बघ! तुझ्या नावावर जास्तीचं काढलं न् टाकलं पान्यात.'

मी विचारलं, 'आत्या, तू बांधावरच्या वालावर औषध मारलंस ना? उरलेलं कुठे ओतलंस?'

'तळ्यातच की. दोन बादल्या उरलं व्हतं. पंप पन तिथंच धुतला, चोथा पन टाकला. झाडपालाच तो, वाया कशाला घालवायचा? बारक्या मासळीला तेवढंच खानं.'

झालं! तिला त्यात काही वावगं वाटतच नव्हतं. का वाटावं? भाचीनं माइकवरून सांगितलं होतं ना. त्या क्षणी मला सगळं कळलं होतं, आणि मी काय बोलले? 'बघते आत्या,' म्हणाले आणि फोन ठेवला. बघते! डोंबल बघणार होते मी?

तशीच रोह्याला गेले आणि सरांना सगळं सांगितलं. वाटलं, निदान खुर्चीतून उठतील. त्यांनी शांतपणे विचारलं, 'त्या तळ्यातले पराचे नमुने आपल्याकडे आहेत ना? मग आपलं काही अडत नाही.'

मेलेल्या प्रत्येक माशाचा डीएनए आमच्या फ्रीजमध्ये नंबर लावून ठेवला होता. कोणता मासा, कुठला, सगळं अक्षर न् अक्षर. तो कशानं मेला हे मात्र कुठल्याच फायलीत बसत नव्हतं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण सर पुढे म्हणाले, 'तुझा प्रबंध जमा करायची तारीख तोंडावर आली आहे. गावात एक शब्द बोललीस तर उद्या पेपरात येईल, आणि तुझी इतक्या वर्षांची मेहनत मातीत. आत्याच आहे तुझी, सावकाश समजावता येईल.' आणि ती आग मी गिळली. चार दिवस तोंडात मिठाची गुळणी धरून बसले. घरी सांगितलं, डोकं दुखतंय.

पाचव्या दिवशी आतेभावाचा फोन आला. तो डोलवीला कंपनीत कंत्राटावर आहे. मला धीर द्यायला त्यानं फोन केला होता! 'टेन्शन घेऊ नको. दिल्या त्याला चार ठेवून आनि हाकलला. खोप पन मोडली.' मी पायात चपला अडकवल्या आणि निघाले.

आत्या ओटीवर वाल सोलत होती, भाऊ कामावर निघायच्या तयारीत. मी उभ्या उभ्या सांगून टाकलं. की तळं माझ्या औषधानं मेलं. की मला आधी माहीत होतं. की मी ते पान काढून टाकलं. वाटलं, आत्या सोलणाची परात अंगावर फेकेल. फेकायलाच हवी होती. तिचे तीन वर्षांचे मासे होते ते.

आत्यानं परात बाजूला सारली. मग डोळे पुसून म्हणाली, 'तू काय मुद्दाम केलंस काय गो? चुका व्हतात मानसाकडून. ऊन किती लागलंय तुला. बस, च्या टाकते.'

'आणि हीच चूक त्यानं केली असती तर?'

'त्याची गोष्ट वेगळी.'

एवढंच! मी भावाला म्हणाले, 'चल माझ्याबरोबर, त्याला परत आणू. तू मारलंस, तू माफी माग.' तर हा घड्याळ बघतोय. 'सेकंड शिफ्ट हाय माझी. आनि आता तळंच नाय, तर राखन कसली करनार तो?' मी तिथे काय काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. चहा न घेता निघाले. मागून आत्या हाका मारत होती, उपाशी जाऊ नको गो.

दुसऱ्या दिवशी ते पान परत टाईप केलं, त्याखाली आत्याच्या तळ्याची सगळी हकीकत लिहिली आणि सरांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी आजवर सही केलेली नाही. प्रबंध पडून आहे. पडू दे. पण हे झालं माझं. माझी पदवी अडली म्हणजे काही त्याची खोप उभी राहिली नाही.

वाडीवर त्याच्या घराला कुलूप होतं. शेजारीण म्हणाली, भट्टीवर गेली सगळी. रोह्याच्या अलीकडे, नदीच्या बाजूला. नात? तीपण गेली. शाळेच्या हजेरीत तिचं नाव आहे, ती नाही.

त्या भट्टीवरून माझी एसटी रोज जायची. भर दुपारी मी तिथे उतरले. तो कच्च्या विटा वाहत होता. मला बघून डोक्यावरच्या विटा उतरवल्या आणि बसायला एक रिकामी गोणी झटकून दिली. एका डोळ्याखाली अजून काळंनिळं होतं. मी उभीच राहिले आणि म्हणाले, 'बाबा, तळं माझ्या औषधानं मेलं. तुमचा काही दोष नव्हता. मी आत्याच्या घरी सांगून आले.'

'ठावं हाय,' तो म्हणाला.

'मी सांगितलं ते?'

'नाय. औषदाचं. पान्याला फेस व्हता ना. तवाच समजलं.'

मला त्याचाच राग आला. खरंच आला. मी ओरडले, 'मग त्याच वेळी का नाही बोललात? सांगायचं ना त्यांना!'

तो सावकाश, मला नीट समजावं अशा बेतानं म्हणाला, 'सांगितलं की, ताई. तुमच्या दादाला सांगितलं, ह्ये ताईंचं औषद हाय, आत्यांनी वतलंय. तवापत्तूर दादा नुस्ता वरडत व्हता. तुमचं नाव घेतलं, मंग मारला.'

मुकादमानं त्याला हाक मारली. त्यानं डोक्यावरची चुंबळ सारखी केली आणि तो विटा उचलायला गेला.