दर्याच्या पाण्यातली कणसं

मका शिजत ठेवलेल्या टोपावरचं झाकण मी उचललं आणि काकींनी माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. पाम गावात त्यांच्या घरातल्या मागच्या दोन खोल्यांत भाड्यानं राहायला येऊन मला जेमतेम चार दिवस झाले होते. नवरा बोईसरच्या कारखान्यात लागलेला, मी साताऱ्याकडची. कणीस निखाऱ्यावर भाजायचं, एवढंच मला ठाऊक. “वाफ गेली सगली! ती काय तुझा बा परत भरनार हाय?” काकी कडाडल्या. मला रडूच फुटलं. मग पहिलं कणीस त्यांनीच माझ्या हातात कोंबलं आणि म्हणाल्या, “खा गप.”

काकींचं माहेर किनाऱ्यावरच्या मुरबे गावातलं. नारळी पौर्णिमा होऊन होड्या दर्यात गेल्याशिवाय त्या घरात कणीस येऊ द्यायच्या नाहीत. कारण त्यांची कणसं दर्याच्याच पाण्यात शिजायची. त्यांचा मासेमारी करणारा भाऊ खोल दर्यातून कॅन भरून आणायचा. निम्मं ते पाणी, निम्मं नळाचं. टोपाच्या तळाशी मक्याची हिरवी सालं, त्यांवर कणसं, वर पुन्हा सालं. मला हे माहीत नव्हतं, तेव्हा एकदा मी मदत म्हणून त्यात मूठभर मीठ टाकलं. कणसं तोंडात धरवेनात! “अगो बाय, एवढा दर्या कमी पडला काय तुला?” म्हणत काकी गल्लीभर सांगत सुटल्या. पुढं कितीतरी दिवस बायका मला बघून पदराआड हसायच्या.

तीन वर्षांपूर्वी त्या टोपातून औषधासारखा उग्र वास आला. काकींनी एक दाणा चावला आणि थुंकला. भाऊ शपथेवर सांगत होता, पाणी नेहमीच्याच जागचं आहे म्हणून. आठवड्यात मुरब्याच्या किनाऱ्यावर मेलेली मासळी लागली. हे सगळं मी जेवताना नवऱ्याला सांगितलं, तर मान वर न करता तो म्हणाला, “मोठा पाऊस आला की कारखान्याच्या टाकीतलं सांडपाणी तसंच खाडीत सोडतात. व्हॉल्व्ह मीच फिरवतो. कुठं बोलू नकोस.” कितीतरी वर्षं त्या बाईच्या हातची कणसं खाल्ली होती आम्ही.

मग मेलेल्या मासळीच्या चौकशीला मुरब्यात सरकारी साहेब आले. काकींनी हट्टानं आम्हां दोघांनाही तिथं नेलं. त्या त्याच पाण्यात शिजवलेल्या कणसांचा टोप घेऊन सरळ पुढं गेल्या, तो साहेबांच्या टेबलावर आदळला आणि म्हणाल्या, “खाऊन दाखवा!” साहेब रुमालानं नाक पुसत म्हणाले, “बाई, वासावरून काही ठरत नसतं. कारखान्यात काम करणारं कोणी आहे का इथं?”

काकी वळल्या. माझ्या नवऱ्याला म्हणाल्या, “सांग रे बाबा, तुला ठावं असेल ते.”

“मी पॅकिंगला असतो,” नवरा म्हणाला.

पॅकिंगला! मेल्याची जीभ कशी झडली नाही? साहेबांनी फाईल मिटली. काकींनी टोप उचलला आणि कोणाकडे न बघता चालू लागल्या. घरी आल्यावर मी भांडी आपटली, महिनाभर नवऱ्याशी बोलले नाही, त्याचं ताट जमिनीवर सरकवत राहिले. माझा संताप खराच होता, आणि खोटं कशाला सांगू, त्या संतापात मला स्वतःबद्दल बरंही वाटत होतं.

काकींनी आम्हांला घराबाहेर काढलं नाही. फक्त भावाकडून पाणी मागवणं थांबवलं. त्यानंतर कणसं कधी शिजली नाहीत. यंदा त्यांचे गुडघे पारच गेले, तेव्हा मुलगी त्यांना डहाणूला न्यायला आली. गाठोडं रिक्षात ठेवता ठेवता मला राहवलं नाही. म्हटलं, “काकी, तो खोटं बोलला. व्हॉल्व्ह तोच फिरवतो. मी त्याला जन्मात माफ करणार नाही.”

“ठावं हाय,” काकी म्हणाल्या. “मधली भिंत पत्र्याची हाय. त्या दिशी जेवताना बोललात, ते आयकलं मी. म्हनून तर नेलं तुमाला.”

त्यांच्या आवाजात कधी नव्हे ते रागाचं नावही नव्हतं.

“तो पोटासाठी गप बसला गो. तू बाजूलाच होतीस. तू कोनासाठी गप बसलीस?”